उडालेल्या रंगांची साक्ष

खेळण्यातली रेल्वे म्हटली की सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे जातं. इंजिनाला तेलपाणी होतं, त्याची चाकं पुसली जातात, ते कपाटात वरच्या फळीवर ठेवलं जातं. पण रेल्वे म्हणजे नुसतं इंजिन नव्हे. स्टेशन, सिग्नल, दिव्याचे खांब, पूल, फाटक, बोगदा, फलाटावरचा हमाल आणि शिट्टी फुंकणारा गार्ड असल्याशिवाय ती गाडी कुठून निघाली आणि कुठे चालली हे कळत नाही. जाणकार या सामानाला ॲक्सेसरीज म्हणतात. नशीब मात्र या सामानाचं खडतर. घरातली मुलं मोठी झाली की ते खोक्यात जातं, खोकं माळ्यावर जातं, आणि तीस-चाळीस वर्षांनी कुणी उघडलं तर पांढरं स्टेशन पिवळट झालेलं असतं, सिग्नलचा लाल हात गुलाबी पडलेला असतो, हमालाच्या अंगावर पांढरी भुकटी आलेली असते. पाहणारा म्हणतो, 'अरेरे, रंग गेला.' आणि लगेच दुसरं वाक्य येतं, 'एक हात मारून घेऊ या.'

या दुसऱ्या वाक्याबद्दल आज मला बोलायचं आहे. रंग गेला म्हणजे नेमकं काय झालं, हे कळल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नये, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी या छोट्या वस्तूंचा इतिहास थोडा पाहावा लागेल.

जर्मनीतल्या गोपिंगेन गावात १८५९ साली मेर्कलिन नावाच्या एका पत्र्याच्या कारागिराने बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातली भांडीकुंडी करायला सुरुवात केली. म्हणजे तिकडची भातुकलीच. काही वर्षांत तो वारला, तेव्हा त्याची पत्नी कॅरोलीन हिने धंदा सांभाळला. मालाचे नमुने घेऊन ती स्वतः गावोगाव फिरत असे. पुढे मुलांनी कारखाना वाढवला, आणि १८९१ साली लायपझिगच्या जत्रेत त्यांनी किल्लीवर चालणारी आगगाडी मांडली. त्यात नवं होतं ते रुळांचं ठरलेलं माप. आज एक गाडी घ्या, पुढच्या वर्षी रूळ वाढवा, त्याच्या पुढच्या वर्षी स्टेशन घ्या. मूल वाढेल तशी रेल्वे वाढत जाईल, ही त्यातली व्यापारी हुशारी. स्टेशन आणि सिग्नल यांना मान मिळाला तो इथून.

हे सामान कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचं असे. आपल्याकडे कल्हईवाला तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून जो चकचकीत थर देत असे, ते कथिलच. कल्हई असल्यामुळे पत्रा गंजत नसे आणि वर रंग बसे. तो रंग सुरुवातीला हाताने दिलेला असायचा. जवसाच्या तेलात खललेला, आणि बहुतेक वेळा शिशाचा. शिशाचा सफेदा, शिशापासून केलेला क्रोम पिवळा, आणि शिशाचाच शेंदूर. आपण मारुतीला लावतो तो शेंदूर आणि लोखंडी पुलांना गंजू नये म्हणून एकेकाळी अस्तराला लावायचे तो लाल रंग, जातीने एकच.

आता हे रंग बदलतात कसे ते पाहा. चांदीचे पैंजण पेटीत ठेवले तरी काळे पडतात. हवेतल्या गंधकाच्या वायूचा तो परिणाम. शिशाच्या सफेद्याचंही तेच होतं. गंधकाशी संयोग झाला की तो करडा, मग काळपट होतो. क्रोम पिवळा उजेडाने तपकिरी होत जातो. व्हॅन गॉगच्या चित्रांमधला पिवळा असाच काळवंडला आहे, आणि त्यामागचं रसायन शास्त्रज्ञांनी २०११ साली क्ष-किरणांच्या मदतीने उलगडलं. जवसाच्या तेलाची तऱ्हा आणखी वेगळी. ते अंधारात पिवळं पडतं. म्हणजे जपून, फडक्यात गुंडाळून, ट्रंकेच्या तळाशी ठेवलेलं स्टेशन अधिक पिवळं होतं, आणि उजेडात राहिलेलं त्या मानाने कमी. अर्थात उजेडात ठेवावं तर दुसरे रंग उडतात.

पुढे हाताच्या रंगाची जागा छपाईने घेतली. सपाट पत्र्यावर विटा, खिडक्या, घड्याळ, जाहिरातीसुद्धा छापायच्या, वर वार्निश देऊन पत्रा भट्टीत भाजायचा, आणि मग कापून, दुमडून त्याचं स्टेशन करायचं. ही शिळाछपाईचीच पत्र्यावरची बहीण. शिळाछपाई आपल्याला परकी नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांनी तो नंतर विकत घेतला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी महाराष्ट्रातल्या घराघरांत लागल्या. अशी जुनी तसबीर तुमच्या पाहण्यात असेल तर आठवून पाहा. तिच्यावर मधासारखी एक झाक आलेली असते. पुष्कळदा खालचा रंग फारसा बदललेला नसतो, वरचं वार्निश पिवळं झालेलं असतं. निळ्यावर पिवळी झाक आली की ते हिरवट दिसतं, पांढऱ्यावर आली की दुधी. पत्र्याच्या स्टेशनाचंही तसंच होतं. आणि हे न कळता कुणी स्पिरिटचा बोळा फिरवला तर वार्निशाबरोबर विटा आणि खिडक्याही निघून येतात.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने आधी मेकॅनो काढलं आणि १९२० साली रेल्वे. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्याच्या कंपनीने स्टेशनावरची माणसंही विकायला आणली. ती शिशाची होती. पुढे ओतीव वस्तूंसाठी जस्ताचा मिश्रधातू आला, आणि त्याबरोबर एक रोग आला. जस्तात थोडं जरी शिसं मिसळलं गेलं असेल तर दमट हवेत तो धातू आतून भेगाळतो, फुगतो. वरचा रंग निर्दोष असतो, पण खालची जमीनच हलल्यावर तो टिकणार कसा? त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पडतात आणि पापुद्रे सुटतात. आपला कोकणातला आणि मावळातला पावसाळा या रोगाला मानवणारा. इथे कितीही वेळा रंग दिला तरी उपयोग नाही.

मग प्लॅस्टिकचा काळ आला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या फालर कंपनीसारख्यांनी जोडायची घरं, स्टेशनं, चर्च असे संच काढले. प्लॅस्टिकला रंग द्यावा लागत नाही, तो त्याच्या अंगातच असतो. त्यामुळे तो जाणार नाही असं लोकांना वाटलं. पण ऊन लागलं की पांढरं प्लॅस्टिक पिवळं होतं. तेलाचा रंग अंधारात पिवळा होतो आणि प्लॅस्टिक उजेडात. एकाच खोक्यात दोन्ही असतील तर एकाच्या सोयीची जागा दुसऱ्याच्या गैरसोयीची.

हे सामान आपल्याकडे पूर्वी बोटीने येई, आणि ते श्रीमंतांच्या मुलांपुरतं होतं. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाल्यावर ती फारच कडक झाली. खेळण्यातल्या रेल्वेसाठी कोण परवाना देणार? ज्यांना नाद होता त्यांनी मग हातांवर भिस्त ठेवली. पुण्याचे भाऊसाहेब जोशी हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी १९८२ साली गोखले हॉलमध्ये आपली छोटी रेल्वे लोकांना दाखवली, आणि पुढे कोथरूडला, कर्वे रस्त्याजवळ, एक अख्खं छोटं शहर उभं केलं. १ एप्रिल १९९८ रोजी ते संग्रहालय म्हणून सुरू झालं. गाड्या धावतात, सिग्नल पडतात, सर्कशीचा तंबू आहे, आणि खोलीतला उजेड मंद करून रात्र केली की इवलाले दिवे लागतात. तिथे पोरं गाड्यांकडे पाहतात. मी खांब, कुंपणं आणि छपरं पाहत बसतो. शहराला शहरपण त्यांच्यामुळे येतं.

हा विषय माझ्याकडे आला तो मात्र संग्रहालयातून नव्हे, आमच्या गावातून. मी मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या पलीकडे नेऱ्याला राहतो. आमच्या शेजारी एक अण्णा आहेत. रेल्वेच्या कारखान्यात डब्यांच्या रंगकामावर त्यांची सारी नोकरी गेली. त्यांचे वडील मुंबईत एका पारशी कुटुंबाची मोटार चालवत. ते कुटुंब विलायतेला गेलं तेव्हा मुलांच्या रेल्वेचं एक खोकं ड्रायव्हरच्या घरी आलं. इंजिन त्यांनी बरोबर नेलं होतं. खोक्यात राहिलं ते हे मागचं सामान, म्हणजे पत्र्याचं स्टेशन, दोन सिग्नल, दिव्याचे तीन खांब, शिशाची पाच माणसं, आणि नंतर कुणीतरी घातलेलं प्लॅस्टिकचं एक घर.

एका श्रावणात अण्णांच्या नातवाने ते खोकं खाली काढलं. गणपतीपुढे रेल्वेचा देखावा करायचा होता. त्याने बाजारातून ऑइलपेंटचे चार छोटे डबे आणले होते, आणि अण्णांनी ब्रशला हात लावू दिला नव्हता. पोरगा माझ्याकडे आला. म्हणाला, "चाचा, तुम्ही सांगा ना आजोबांना. सगळं कळकट दिसतंय."

मी गेलो. अण्णा ओसरीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते, त्यावर ते सामान मांडलेलं.

"या कवीराज," ते म्हणाले. "याला वाटतं मला रंग लावायचा कंटाळा आलाय. आयुष्यभर तेच केलं मी. पण आम्ही डबा खरवडायला घेतला की खाली आधीचे थर दिसायचे. डबा कुठून आला, किती वेळा रंगला, कुठे ठोकला गेला, सगळं तिथं असायचं. एकदा खरवडलं की संपलं."

मग त्या दुपारी आम्ही तिघांनी एकेक वस्तू पाहिली. स्टेशनाच्या छपराला मधोमध तपकिरी डाग होता, बाजूला नव्हता. नातवाला तो गंज वाटला. अण्णांनी छप्पर उलटं केलं, तर डागाच्या बरोबर खाली आत बल्ब बसवायची जागा. तासन् तास दिवा पेटला असेल, त्या उष्णतेने रंग भाजला होता. म्हणजे कुणीतरी मूल अंधार करून ही रेल्वे रोज खेळत होतं. एका भिंतीवर लाल विटा फिकट आणि दुसऱ्या भिंतीवर गडद. ते स्टेशन बराच काळ एकाच खिडकीपाशी, एकच बाजू उन्हाकडे करून उभं असणार. केशकर्तनालयाच्या काचेवर चिकटवलेली चित्रं काही वर्षांनी निळी होतात, कारण पिवळा आणि लाल आधी उडतो आणि निळा मागे राहतो. तसंच हे. दिव्याच्या खांबावर एक काळा पट्टा होता, तिथे रबरबँड गुंडाळलेला असावा. रबरात गंधक असतं. शिशाच्या माणसांवरची पांढरी भुकटी ही बुरशी नव्हे. लाकडातून आणि पुठ्ठ्यातून आंबट वाफ निघते, ती शिशाला खाते, आणि त्याची ती राख.

सिग्नलवर मात्र आमचं अडलं. एका सिग्नलचा हात टोकाला माशाच्या शेपटीसारखा कापलेला होता आणि त्याचा रंग उतरलेला लाल. नातवाने पुस्तकात पाहिलं होतं की असा हात पिवळा असतो. तो म्हणाला, हा मूळचा पिवळाच असणार, कुणीतरी चुकून लाल केला. अण्णा हसले. इंग्लंडमध्ये हे शेपटीचे सिग्नल आधी लालच होते. १९२० च्या दशकात तिकडच्या रेल्वे कंपन्यांनी ते पिवळे करायला घेतले, कारण रात्री दोन्ही लाल दिवे सारखेच दिसत आणि ड्रायव्हरचा घोटाळा होई. आपल्याकडच्या जुन्या वॉर्नर सिग्नलचा हातही शेपटीचा आणि लालच होता. म्हणजे तो फिका लाल रंग ही त्या सिग्नलची जन्मतारीख होती. नातवाच्या हातात पिवळ्या रंगाचा डबा होता. दोन मिनिटांचं काम, आणि ती तारीख पुसली गेली असती.

इतिहास शिलालेखात आणि बखरीत असतो असं आपण शिकतो. रंगाचा इतिहास तिथे क्वचितच सापडतो. दख्खनची राणी १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे धावू लागली. तिच्या एका गाडीचे डबे रुपेरी, त्यावर किरमिजी पट्ट्या, आणि दुसरीचे गर्द निळे, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांची शरीरं माटुंग्याच्या कारखान्यात बांधलेली. हे वर्णन लिहून ठेवलं गेलं म्हणून आपल्याला माहीत आहे. त्या काळचा फोटो पाहायला जाल तर तो काळापांढरा. निळा म्हणजे कोणता निळा, हे फोटो सांगत नाही. पुढे या गाडीने पुष्कळ रंग बदलले, २०२२ साली नवे डबे आले तेव्हा हिरवा-लाल झाला. खरे डबे भंगारात जातात, फोटोत रंग नसतो. त्या त्या काळी कुणी रंगवलेली छोटी प्रतिकृती उरली असेल तर तीच साक्षीदार. आणि साक्षीदार म्हातारा झाला म्हणून त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नसतात.

चांगल्या हेतूनेही नुकसान होतं याचं मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. अजिंठ्याच्या चित्रांवर एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून वार्निश फासलं. नंतर हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख असताना, इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावलं. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटत चाललेले पापुद्रे भिंतीला पुन्हा बसवले. हे काम मोलाचं होतं, त्यामुळे पुष्कळ चित्रं वाचली. पण वर लाखेचा थरही दिला. काळाने तो थर पिवळा-तपकिरी झाला, त्यात धूळ आणि धूर अडकला, आणि अजिंठ्याचे रंग असेच मातकट आहेत असं पिढ्यान् पिढ्या लोकांना वाटत राहिलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी पुढे तो थर बोटाबोटाने काढला, तेव्हा खालचे निळे-हिरवे पुन्हा दिसले. याझदानींसारखा रसिक आणि इटलीचे जाणते कारागीर, त्यांचंही पुढचं गणित चुकू शकतं, तर ऑइलपेंटच्या डब्याचं काय सांगावं?

मग करायचं काय? फार थोडं. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडायची. पाणी, साबण, स्पिरिट लावायचं नाही. पत्रा, शिसं आणि प्लॅस्टिक वेगवेगळं ठेवायचं. रबरबँड आणि चिकटपट्टी काढून टाकायची. शिशाची माणसं लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्यात ठेवायची नाहीत. नाजूक रंगांच्या वस्तूंसाठी संग्रहालयं उजेड पन्नास लक्सच्या आसपास ठेवतात, म्हणजे तिथे डोळे थोडे सरावावे लागतात. घरी एवढंच पाहावं की थेट ऊन येत नाही आणि भिंत ओलसर नाही.

आणि एक गोष्ट कळकळीची. जुना रंग काचकागदाने घासू नका, मुलांना तर मुळीच घासू देऊ नका. त्यात शिसं असतं, आणि ती धूळ पोटात गेली तर मुलांच्या मेंदूला इजा करते. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत नव्वद भाग अशी मर्यादा घातली गेली ती २०१६ च्या नियमांनी, आणि ते लागू झाले नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधीचा रंग, मग तो खेळण्यावरचा असो की घराच्या दारावरचा, संशयानेच पाहावा. अण्णांनी त्या दुपारी शिशाची माणसं हाताळून झाल्यावर नातवाला दोनदा हात धुवायला लावले, ते याचसाठी.

गणपतीला देखावा झालाच. नातवाने पुठ्ठ्याचं नवं स्टेशन केलं, आगपेटीची घरं केली, आणि नवे रंग त्यांना लागले. दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोरांना हे काय अवघड? जुनं सामान अण्णांनी वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत भरलं आणि प्रत्येकीत एक चिठ्ठी टाकली. वस्तू कुणाची, घरात कशी आली, कोणती बाजू उन्हात राहिली असावी, छपरावरचा डाग कशाचा. चिठ्ठी लिहायला मी होतो. सिग्नलच्या चिठ्ठीवर शेवटी नातवाने स्वतःच्या अक्षरात भर घातली: 'हा लालच आहे. पिवळा करू नये.'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)